कॅम्परमधला फ्रिज नीट गार करत नाही, कूलिंग युनिट गेलंय म्हणतात, खरंच गेलंय का ते कसं ओळखायचं?

चाकांवरचं_घर

नमस्कार मंडळी, आमच्या सेकंडहँड कॅम्परमध्ये गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हीवर चालणारा फ्रिज आहे आणि तो नीट गार करत नाहीये. अगदीच बंद नाहीये, वरच्या छोट्या फ्रीझरमध्ये बर्फ होतो, हळूहळू होतो पण होतो, खालच्या कप्प्यात मात्र दुपारी १३-१४ अंश दाखवतो आणि तोच रात्री ७-८ वर येतो. प्लगवर लावला की त्यातल्या त्यात बरा, गॅसवर त्याहून थोडा कमी, आणि गाडी चालवताना १२ व्होल्टवर तर काही गार होतंय असं वाटतच नाही, आधी गार केलेलं जेमतेम टिकतं. नॉब फुल केला तरी फरक नाही.

एका मेकॅनिकला दाखवला, त्याने मागची जाळी उघडून दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं की कूलिंग युनिट गेलंय, पूर्ण फ्रिजच बदला. मला ते पटत नाहीये कारण युनिट गेलं असतं तर बर्फ तरी कसा झाला असता? दूध-भाजी खराब झाली तर एकवेळ चालेल पण आईचं इन्सुलिन बरोबर असतं, त्यामुळे यात मला अंदाजपंचे काही करायचं नाहीये. कुठून तपासायला सुरुवात करू, क्रमाने कोणी सांगेल का? मल्टीमीटर आहे, वापरता येतो, गॅसच्या भागाला मात्र हात लावायची भीती वाटते.

रानवाट

ताई, आधी इन्सुलिनचं बोलू. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं असतं आणि ते गोठलेलंही चालत नाही, एकदा गोठलं की वितळवून वापरता येत नाही, टाकूनच द्यावं लागतं. म्हणून फ्रिज दुरुस्त होईपर्यंत ते वेगळ्या चांगल्या आइसबॉक्समध्ये ठेवा, बर्फाच्या पॅकला थेट चिकटू न देता. आणि फ्रिज नीट झाल्यावरसुद्धा ते मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांजवळ ठेवू नका, तिथे रात्री शून्याखाली जातं. मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, डब्यात घालून.

आता फ्रिजकडे. हा फ्रिज घरातल्यासारखा नसतो, यात कॉम्प्रेसर नसतो, मोटर नसते, हलणारा एकही भाग नसतो. मागच्या बंद नळ्यांमध्ये, यालाच कूलिंग युनिट म्हणतात, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेला असतो आणि खाली एका जागी उष्णता दिली की हे सगळं आपोआप फिरायला लागतं. चहाला उकळी आली की बुडबुडे पातेल्याच्या वरपर्यंत पाणी उचलतात ना, तसंच इथे अमोनियाचे बुडबुडे बारीक नळीतून पाणी वर ढकलतात, पुढे अमोनिया वेगळा होतो, वरच्या पंख्यांमध्ये (फिरणारे नव्हेत, नळीवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) म्हणजे कंडेन्सरमध्ये द्रव होतो, मग फ्रीझरच्या मागे हायड्रोजनमध्ये मिसळून त्याची वाफ होते, तिथे गारवा तयार होतो आणि शेवटी खालच्या वेटोळ्यांत तो परत पाण्यात विरघळतो. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, हे शोधून काढलं आणि मूळ कल्पना अजून तीच आहे, मला तरी ही फार सुंदर गोष्ट वाटते, आग लावून बर्फ करायचा आणि तोही आवाज न करता!

हे सांगायचं कारण असं की यात दोनच गोष्टी बघायच्या असतात, खाली पुरेशी उष्णता जातेय का आणि वरून ती बाहेर पडतेय का. तुमचं लक्षण नीट वाचलं तर तिन्हीवर फ्रिज कमी पडतोय, म्हणजे मुख्य दोष एकट्या गॅसचा किंवा एकट्या वायरिंगचा नसावा, तिघांना सामाईक असं काहीतरी आहे. आणि दुपारी १४, रात्री ७ हा फरक तर ओरडून सांगतोय की मागची गरम हवा बाहेर पडत नाहीये. युनिट पूर्ण मेलेलं असतं तर रात्रीसुद्धा काही झालं नसतं, बर्फ तर नाहीच नाही. माझा पैसा व्हेंटिलेशनवर.

आधी फुकटातल्या गोष्टी करून घ्या. गाडी लेव्हलमध्ये आहे का ते फ्रिजच्या आत फ्रीझरच्या तळावर लेव्हल बॉटल ठेवून बघा, गाडीच्या टेबलावर नाही. नवीन फ्रिज डावी-उजवीकडे साधारण ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंत कल सहन करतात, जुने त्याहून कमी. चालत्या गाडीत कल सतत बदलत असतो म्हणून तेव्हा त्रास होत नाही, उतारावर रात्रभर उभी केली की होतो. दरवाजाच्या रबरात एक कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा, चारही बाजूंनी, जिथे सहज सुटतो तिथून गारवा जातोय. आतल्या पट्ट्यांवर बर्फाचा जाड थर असेल तर काढून टाका. आणि तापमान हवेचं मोजू नका, पाण्याने भरलेल्या ग्लासात थर्मामीटर ठेवून मोजा, दार उघडलं की हवेचं तापमान लगेच उडतं आणि आपण उगाच घाबरतो. दर वेळी बदल केल्यावर निदान १२ तास, जमलं तर अख्खा दिवस थांबा, हे फ्रिज संथ असतात, तासाभरात निकाल लावू नका.

मग मागच्या दोन्ही जाळ्या काढून टॉर्च घेऊन आत बघा. खालच्या जाळीतून गार हवा आत यायला हवी आणि वरच्या पंख्यांमधून जात वरच्या जाळीतून बाहेर. पंखे आणि गाडीची बाहेरची भिंत यात जर हातभर मोकळी जागा असेल तर हवा सोपा रस्ता धरते, भिंतीच्या कडेने निघून जाते आणि पंख्यांमध्ये गरम हवा तशीच कोंडते. ही मोकळी जागा पत्र्याने भरून पंख्यांपासून इंच-दीड इंचच फट ठेवायची. फ्रिजच्या डोक्यावर पोकळी असेल तर तीही बंद हवी, नाहीतर तिथे गरम हवा साचून राहते. आणि हो, थंडीत लावायची प्लास्टिकची कव्हरं जाळीवर तशीच राहिलेली नाहीत ना ते बघा, हे फार जणांचं होतं.

फ्रिजच्या आतल्या स्टिकरवर एक अक्षर असेल तेही सांगा. एन म्हणजे तो ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलाय, एसटी असेल तर ३८, टी असेल तर ४३. एन वर्गाचा फ्रिज ४० अंशात मान टाकणारच, त्याला बिचाऱ्याला दोष देऊ नये.

तांब्याची_तार

रानवाट यांच्याशी सहमत पण १२ व्होल्टचं वेगळं बघायलाच लागेल, दोन दोष एकाच वेळी असू शकतात आणि इथे आहेत असं मला वाटतं.

आधी एक समजून घ्या, या फ्रिजमध्ये १२ व्होल्ट हे फक्त गार ठेवण्यासाठी असतं, कोमटाचं गार करण्यासाठी नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये १२ व्होल्टवर थर्मोस्टॅट कामच करत नाही, हीटर सतत चालू. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी प्लगवर गार करून घ्यायचा, सामानही गारच भरायचं, मग प्रवासात १२ वर. आणि इंजिन बंद असताना बॅटरीवर कधीच नाही, १२० वॅट म्हणजे १० अँपिअर, १०० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी एका रात्रीत झोपेल.

आता मोजणी. इंजिन चालू ठेवून, फ्रिज १२ वर ठेवून, फ्रिजच्या मागच्या टर्मिनलवरच व्होल्टेज बघा. बॅटरीवर नाही, टर्मिनलवर, आणि लोड चालू असताना. तिथे १३ च्या आसपास मिळालं तर उत्तम. ११ च्या खाली असेल तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड जळालाय. १.५ स्क्वेअर एमएमची वायर ६ मीटर लांब गेली असेल तर जाऊन येऊन १२ मीटर होते, १० अँपिअरला जवळपास १.४ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. ६ स्क्वेअर टाकली की तेच ०.३५ वर येतं. लोकांना वाटतं दीड व्होल्टने काय होतंय, पण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते, १२ व्होल्टला १२० वॅट देणारा हीटर १०.५ ला ९२ च देतो. पाव उष्णता गेली की वरचं सगळं चक्रच मंदावतं.

हीटरसुद्धा तपासा. सगळी वीज काढून, १२ चा आणि २३० चा दोन्ही हीटरच्या वायरी सोडवून रेझिस्टन्स घ्या. स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात, व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. १२ व्होल्ट १२० वॅटला १.२ ओहम, २३० व्होल्ट १२५ वॅटला साधारण ४२३ ओहम. १.२ ओहम मोजताना मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स आधी वजा करा नाहीतर भलताच आकडा येईल. सर्किट तुटलेलं दाखवलं तर हीटर गेलाय, तो स्वतंत्र मिळतो, बदलणं सोपं आहे. हीटर त्याच्या खोबणीत पूर्ण आत बसलाय का तेही बघा, अर्धा बाहेर आलेला असेल तर आकडा बरोबर येतो पण उष्णता हवेत जाते.

नवीन गाड्यांमध्ये अजून एक भानगड, स्मार्ट अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जनरेटर. बॅटरी भरली की तो व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, मग वायर कितीही जाड असली तरी फ्रिजला १२.५ सुद्धा मिळत नाही. तुमची गाडी जुनी असेल तर हा प्रश्न नाही.

निळी_ज्योत

गॅसला हात लावायची भीती वाटते लिहिलंय ते योग्यच आहे, ती भीती ठेवा. पण बघायला हरकत नाही. फ्रिज गॅसवर लावून खालची जाळी काढा, बहुतेकांना बर्नरजवळ एक छोटी खिडकी किंवा झडप असते. ज्योत निळी, स्थिर आणि आवाज जवळपास नसलेली हवी. टोकाला पिवळी, नाचणारी, किंवा चिमणीत काळी काजळी असेल तर ज्वलन नीट होत नाहीये आणि हा फक्त गारव्याचा प्रश्न नाही, अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नसतो. फ्रिजचा मागचा कप्पा आणि झोपायची जागा यातलं सील तुटलेलं असेल तर तो आत येतो. कॅम्परमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर फ्रिज दुरुस्त करायच्या आधी तो लावा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

नेहमी काय होतं तर चिमणीच्या आतल्या गंजाचे पापुद्रे सुटून खाली बर्नरवर पडतात, ज्योत अडते, उष्णता कमी होते. चिमणी वरून ब्रशने साफ करायची, बर्नर झटकायचा. जेटचं म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचं भोक केसाएवढं असतं, त्यात सुई किंवा तार कधीही घालायची नाही, भोक जरासं जरी मोठं झालं तरी गॅसचं प्रमाण बिघडतं. स्पिरिटमध्ये भिजवून, वाळवून, हवा मारायची बस. रेग्युलेटरचा दाब फ्रिजच्या स्टिकरवर लिहिल्याइतकाच हवा, युरोपियन बनावटीच्या फ्रिजमध्ये बहुतेक ३० मिलीबार, जुन्या काहींत ५०. हे सगळं परवानाधारक गॅस टेक्निशियनकडून वर्षातून एकदा करून घ्या आणि जोडणी झाल्यावर साबणाच्या पाण्याने गळती बघायला त्याला सांगा, तुमच्या समोर. कप्प्याच्या तळाला असलेलं भोक कोणीही बुजवू देऊ नका, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच खाली जातो.

थंडीत गॅसवर चालत नसेल तर सिलिंडरमध्ये काय भरलंय ते बघा. ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. आणि पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी गॅसवरचा फ्रिज बंद, नेहमी.

चाकांवरचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. जाळ्या काढून बघितलं. कागद सगळीकडे घट्ट बसतोय, लेव्हलही ठीक आहे, स्टिकरवर एसटी आहे.

पण मागे जे दिसलं ते बघून मेकॅनिकने नक्की काय पाहिलं होतं असा प्रश्न पडला. पंख्यांच्या मागे अक्षरशः वीतभर मोकळी जागा आहे, पत्रा वगैरे काही नाही, आणि फ्रिजच्या डोक्यावरच्या पोकळीत कोणीतरी ग्लासवूल कोंबलं होतं ते खाली सरकून वरच्या जाळीच्या निम्म्याहून जास्त भागावर आलंय. फ्रिज चालू असताना वरच्या पंख्यांजवळ हात नेला तर चटका बसेल इतकं गरम आणि जाळीच्या बाहेर मात्र हवा जेमतेम कोमट.

१२ व्होल्टचं मोजलं, बॅटरीवर १३.८ आणि फ्रिजच्या टर्मिनलवर १०.९! हीटर दोन्ही बरोबर आले. ज्योतीचं टोक किंचित पिवळं आहे, गॅस तेव्हाच बंद केलाय, टेक्निशियन बोलावलाय, अलार्म लावलाय.

एकच काळजी, खालच्या वेटोळ्यांवर एके ठिकाणी पिवळट-तपकिरी डाग आहे. वाचलं होतं की पिवळं म्हणजे युनिट फुटलं. खरं आहे का?

रानवाट

पिवळ्याचं खरं आहे पण कुठलं पिवळं ते महत्त्वाचं. आतल्या पाण्यात नळ्या गंजू नयेत म्हणून सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. नळीला चीर पडली की अमोनिया आणि हायड्रोजन निघून जातो आणि मागे गडद लिंबासारखी पिवळी पूड जमते, सोबत अमोनियाचा झोंबणारा वास, तो विसरता येत नाही. अशी पूड दिसली तर हाताने पुसू नका, क्रोमेट विषारी असतं, फ्रिज बंद करायचा, गॅस बंद, गाडीची दारं उघडायची आणि तिथे युनिटची आशा सोडायची. तुमचा डाग तपकिरी आहे, पूड नाही आणि वास नाही, तर तो पत्र्याचा साधा गंज वाटतोय, तसा तो बहुतेक जुन्या फ्रिजवर असतो. आणि पुन्हा तेच, चीर पडली असती तर बर्फ झाला नसता.

तरी खात्री हवी असेल तर त्याची कसोटी आहे. फ्रिज घट्ट लेव्हलमध्ये, २३० चा हीटर थर्मोस्टॅट वगळून थेट, रात्रभर. हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या कारण थेट जोडणीत बंद करायला काहीच नसतं. हीटरकडचा भाग तासन्‌तास कडक गरम राहूनही सकाळी फ्रीझरची पाटी गार नसेल तर युनिट गेलं. गार असेल तर युनिट ठणठणीत आहे आणि दोष बाहेरचा.

दूरचा_रस्ता

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो फ्रिज उलटा करून एक दिवस ठेवा, आतलं द्रव हलतं आणि परत सुरू होतो. माझ्या ओळखीच्यांचा झाला होता. नाहीतर सरळ कॉम्प्रेसरवाला टाका, लेव्हलची कटकट नाही, उन्हातही गार करतो.

रानवाट

उलटा करायचा उपाय एकाच परिस्थितीसाठी आहे, फ्रिज खूप वर्षं बंद पडून असेल किंवा बराच वेळ तिरका चालवला असेल आणि अजिबातच गार करत नसेल तेव्हा. तेव्हासुद्धा नशिबाचा भाग, कारण तिरका चालून बारीक नळीत गाळ घट्ट बसला असेल तर तो निघत नाही. ताईंचा फ्रिज बर्फ करतोय, तो गॅसच्या जोडणीसकट बाहेर काढून उलटा करणं म्हणजे जे चांगलं आहे ते बिघडवायला बसणं.

तांब्याची_तार

कॉम्प्रेसरचं म्हणणं बरोबर आहे पण त्याचं गणित वेगळं. तो ४०-५० वॅटच घेतो आणि तेही थांबून थांबून, तरी उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ५० एएच सहज जातात, म्हणजे सोलर आणि चांगली बॅटरी हवीच. आडरानात बरेच दिवस उभं राहायचं असेल तर गॅसवाल्याला तोड नाही. आणि व्होल्टेज तिथेही पाहिजे, बॅटरी वाचवायला त्याचं कंट्रोलर १०.४ च्या आसपास फ्रिज बंद करतं, तुमच्या आत्ताच्या वायरिंगवर बॅटरी जरा उतरली की तो दर थोड्या वेळाने बंद-चालू होत बसला असता. वायर बदलावीच लागणार, फ्रिज कुठलाही असो.

१३.८ चे १०.९ म्हणजे वाटेत जवळपास ३ व्होल्ट गेले, हे फक्त वायरीचं काम नाही, निगेटिव्हचा जोड किंवा फ्यूज होल्डर तपासा. लोड चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं फ्रिजच्या निगेटिव्हवर ठेवा, तिथे जे व्होल्ट दिसतील ते त्या बाजूला वाया जातायत. मग तसंच पॉझिटिव्हला. बघता बघता जागा सापडेल.

चाकांवरचं_घर

अपडेट देते. ग्लासवूल काढलं, पोकळीत पत्रा तिरका बसवला म्हणजे गरम हवा थेट जाळीकडे वळेल, पंख्यांच्या मागेही पत्रा लावून इंचभर फट ठेवली. वरच्या पंख्यांच्या खाली दोन छोटे १२ व्होल्टचे फिरणारे पंखे लावले, हवा वर ढकलणारे, थर्मोस्टॅट स्विचवर, म्हणजे मागे गरम झालं की तेच सुरू होतात. २३० वर, तशाच कडक दुपारी, पाण्याच्या ग्लासात ६ अंश! रात्री ३ आला तेव्हा नॉब कमी करावा लागला.

एकट्या निगेटिव्हच्या बाजूलाच २ व्होल्ट जात होते, चॅसीला जिथे बोल्ट होता तिथे रंगावरच लग (वायरीच्या टोकाची चकती) बसवलेला आणि खाली गंज. घासून स्वच्छ केला, ६ स्क्वेअरची वायर थेट बॅटरीपर्यंत नेली, दोन्ही टोकांना फ्यूज बघून घेतले. आता टर्मिनलवर १३.२.

इन्सुलिन अजून आइसबॉक्समध्येच आहे, कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवलाय, थोडे दिवस त्याचे आकडे २ ते ८ मध्ये राहिले की मगच हलवणार. गॅसवाला उद्या येतोय, त्याला अजून काही विचारायचं असेल तर सांगा.

निळी_ज्योत

चिमणीच्या आत तारेला लोंबणारी एक पिळाची पट्टी असते, ती ज्योतीची उष्णता वाटेत अडवून नळीला देते. साफ करताना ती काढतात आणि पुष्कळदा चुकीच्या उंचीवर परत लावतात किंवा विसरतातच, मग ज्योत सुंदर निळी असूनही फ्रिज गॅसवर गार होत नाही. काढण्याआधी बर्नरपासून ती किती वर आहे ते मोजून लिहून ठेवायला सांगा. थर्मोकपलचं, म्हणजे ज्योत विझली की गॅस बंद करवणाऱ्या सेन्सरचं, टोक ज्योतीत आहे का तेही बघायला सांगा, आणि टेक्निशियन निघून गेल्यावर गॅसवर पूर्ण रात्र चालवून सकाळचा आकडा इथे टाका.